एड, बल

गाडी माझी, ब्रेक दोन.
एक तिच्या पायाखाली, एक माझ्या.
टपावर तांबडा एल, पाटी दोन लिप्यांत,
कारण निपाणीत शिकायला येणारे
दोन्ही भाषांत घाबरतात.

आज शिवलीला कमते. यमकनमर्डीच्या
सरकारी दवाखान्यात नर्स.
हात सुईला सरावलेला, स्टिअरिंगला अजून नाही.
पहिल्याच दिवशी तिनंच मला शिकवलं:
कन्नडात डावं म्हणजे एड, उजवं म्हणजे बल.
मी हसले. आमच्या कानाला
डावीकडं येडं, उजवीकडं ताकद.
सगळा हायवे उजवीकडंच का लोटतो
हे कोडं मग वेगळं सोडवायला नको.

तवंदीचा घाट मागं पडला तसं नेहमीचं म्हणाले,
"हळू जाणाऱ्यानं डावी लेन धरायची.
उजवी फक्त पुढं जाण्यापुरती,
शेजारणीची परात.
काम झालं की परत."
तेवीस वर्षं म्हणते आहे.
परातीचं ऐकून सगळे हसतात,
परत कुणी येत नाही.

कणगल्याच्या पुढं, उजव्या लेनमध्ये, ऊस.
ट्रॅक्टर एक, ट्रॉल्या दोन, वेग पंधरा.
मागं दिवा नाही, सुतळीला टांगलेली एक सीडी
उन्हात गरगरते.
हॉर्न दिला. डिपर दिला.
रस्ता सासऱ्यानं आंदण दिल्यासारखा
तो आपला निवांत.
आमच्या मागं पुण्याहून आलेली बस,
तिच्या मागं एम एच नऊ, तिच्या मागं के ए तेवीस.
नंबर कुठलेही असोत,
शिव्या एकाच गावच्या.

"डावीकडनं काढू?" शिवलीलानं विचारलं.
नको म्हणायला हवं होतं.
मी म्हटलं, "काढ."

ट्रॉलीच्या पल्याड
डाव्या लेनच्या मधोमध ट्रक उभा,
मागं चार दगड, बाभळीची एक फांदी,
म्हणजे बंद पडलाय, समजून घ्या.
माझा पाय तिच्या पायाआधी पोचला.
काचेवर फांदीची सावली,
काटे मोजता येतील इतकी जवळ.
शेजारनं ऊस सळसळत गेला,
पंधराच्याच वेगानं.

संकेश्वरच्या अलीकडं चहाला थांबलो, तर तोही तिथंच.
बाळगोंडा. कानात भिकबाळी, शर्टावर मळीचे डाग.
मी तडक गेले. "मामा, डावीकडनं जावा की ओ.
एवढं हळू जायचं आणि उजवीकडनं?"
त्यानं बशी खाली ठेवली.
"डावीकडं कोण न्हाई ते सांगा बाई.
पंक्चरलेला ट्रक, उलटा येणारा दूधवाला,
शेरडं, शाळा सुटलेली पोरं.
तुमी जोरात, पण तुमाला थांबता येतंय.
मला न्हाई. मागनं वीस टन ढकलतंय.
हळू हाय म्हणूनच उजवीकडं हाय."

नियमाची चोपडी डॅशबोर्डमध्ये होती.
उघडायला गेले नाही.
दिव्याचं तेवढं बोलले: "निदान मागं लाल लावा."
"कारखान्यावर गेलो की लावतो," म्हणाला.
हे वाक्य मी ओळखते.
माझेही पुष्कळ विद्यार्थी असंच म्हणतात.

शिवलीला इतका वेळ गप्प.
चहाचा कप धुऊन ठेवावा तसा
हळूच म्हणाली,
"आमच्या रजिस्टरात नाव असतं, वय असतं,
शुद्धीवर आहे की नाही असतं.
लेनचा रकाना नाही, मॅडम."

बाळगोंडानं ट्रॅक्टर सुरू केला.
हात बाहेर काढून रीतसर खूण केली,
बहुतेक माझ्यासाठी,
आणि पुन्हा उजवीकडं गेला.

आम्ही डावीकडं. तीसवर.
हिरण्यकेशीचा पूल, मग हत्तरगीच्या टोलपर्यंत
एकही शब्द नाही, कुठल्याच भाषेत.
तिचा पाय ब्रेकवर.
माझाही.